चाळिशीनंतरचं शिक्षण कोणाच्या खिशातून?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं मत मांडलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं आठवड्याला नव्वद तास काम करण्याबद्दलचं बोलणं देशभर गाजलं. तेव्हापासून कामाने पिचलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते दोनच सुरांत. एक सूर म्हणतो, आमच्या वडिलांनी पस्तीस वर्षं एकाच ठिकाणी काढली, त्यांना कधी बर्नआउट झाला नाही, ही हल्लीची नाटकं आहेत. दुसरा म्हणतो, आयुष्य एकदाच मिळतं, राजीनामा द्यायचा आणि मनाला येईल ते करायचं. नाशिकमध्ये हे दोन्ही सूर एकाच घरात ऐकू येतात. नोट प्रेसमधून नाहीतर ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले वडील आणि अंबडच्या कारखान्यात किंवा पुण्या-मुंबईच्या कंपनीत जीव काढणारा त्यांचा मुलगा इथे अजून एका छताखाली राहतात.

दोघांचीही गफलत एकच आहे. दोघांनाही हा प्रश्न धमकेचा वाटतो. एकाच्या मते धमक टिकून राहण्यात, दुसऱ्याच्या मते सोडून देण्यात. माझं म्हणणं असं की एका कामात वीसेक वर्षं घालवून पुरतं थकल्यावर, पंचेचाळिशीच्या आसपास दुसरं काम शिकायची वेळ येणं ही यापुढे असंख्य घरांतली साधी गोष्ट असणार आहे. ते शिकण्याचा खर्च म्हणजे नुसती फी नव्हे. बिनपगारी गेलेले महिने आणि सुरुवातीची घटलेली मिळकतही त्यात आली. हा सगळा भार एकट्या कुटुंबाने सोसावा हे चूक आहे. त्यात मालकाचा आणि सरकारचा वाटा ठरलेला असला पाहिजे. तो ठरत नाही तोवर ‘सोडून दे’ म्हणणारे आणि ‘गुपचूप काम कर’ म्हणणारे, दोघेही दुसऱ्याच्या घरचा हिशेब न बघता सल्ला देत आहेत.

वडिलांच्या पिढीचा दाखला आधी घेऊ, कारण तोच सगळ्यात जास्त दिला जातो. ती माणसं कष्टाळू होती यात शंका नाही. पण त्यांच्या नोकरीभोवती काय काय होतं तेही आठवा. पाळी संपल्याचा भोंगा झाला की माणूस खरोखर सुटायचा. घरी साहेबाचा फोन येत नव्हता, कारण बहुतेक घरांत फोनच नव्हता. राहायला क्वार्टर, मागे युनियन, आणि सरकारी खात्यात असेल तर शेवटी पेन्शन. वीस वर्षांपूर्वी शिकलेलं काम वीस वर्षांनंतरही चालायचं. ही सगळी व्यवस्था होती आणि ती कोणीतरी भांडून मिळवली होती. आज त्याच सातपूर-अंबडमध्ये कायम कामगाराशेजारी कंत्राटी कामगार उभा असतो, पर्यवेक्षकाच्या खिशातला फोन रात्री अकरालाही वाजतो, आणि डिझेल इंजिनाचे सुटे भाग करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला विजेवरच्या गाड्यांकडे बघून पुढच्या दहा वर्षांची खात्री वाटत नाही. व्यवस्था काढून घ्यायची आणि त्या व्यवस्थेतल्या माणसाचं मनोधैर्य मात्र मुलाकडून मागायचं, याला न्याय कसं म्हणायचं?

बर्नआउट म्हणजे नेमकं काय, यावरही बरीच ढिलाई चालते. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याची नोंद केली आहे, आणि २०१९ मध्ये मुद्दाम स्पष्टही केलं की हा वैद्यकीय आजार नव्हे, कामाशी निगडित अवस्था आहे. दीर्घकाळ चाललेला आणि नीट न हाताळलेला कामाचा ताण हे तिचं कारण, आणि अंगातली शक्ती संपून जाणं, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा आणि घटलेली कार्यक्षमता ही तिची तीन लक्षणं. कारण कामात आहे असं जगातली सर्वोच्च आरोग्य संस्था सांगते, आणि आपण औषध माणसाच्या स्वभावात शोधतो.

माझ्या ओळखीतले एक गृहस्थ अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. वाहनांचे सुटे भाग, मोठ्या गाडी कंपनीला पुरवठा. एक सदोष भाग ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर सापडला की त्याच रात्री दोन पोरांना गाडीत घालून चाकण गाठायचं, तिथल्या गोदामात प्लॅस्टिकच्या क्रेटवर बसून आलेला सगळा माल एकेक करून तपासायचा, चांगल्या भागावर हिरव्या मार्करचा ठिपका द्यायचा, आणि सकाळी परत येऊन चूक का झाली याचा अहवाल लिहायचा. अहवालात ‘मूळ कारण’ असा रकाना असतो. मूळ कारण त्यांना माहीत होतं: यंत्राची देखभाल पुढे ढकलली होती, कारण उत्पादनाचं लक्ष्य गाठायचं होतं. पण ते लिहायची सोय नव्हती, म्हणून ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष, प्रशिक्षण देण्यात आलं’ असं लिहिलं जायचं. वर्षानुवर्षं. एके दिवशी मायक्रोमीटरवर तोच भाग त्यांनी चार वेळा मोजला आणि आकडा दिसत असूनही डोक्यात शिरेना. त्यांना कामाचे तास जास्त होते हे खरंच. पण त्यांचा कणा मोडला तो त्या रकान्यात रोज खोटं लिहिण्याने. हा माणूस कामचुकार आहे असं कोणी म्हणावं आणि मी ते ऐकून घ्यावं, हे व्हायचं नाही.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात सबळ मुद्दा. नोकरी बदलली, क्षेत्र बदललं, तरी माणूस तोच राहतो. जो कारखान्यात थकला तो शाळेतही थकेल. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. बर्नआउटवर आयुष्यभर संशोधन केलेल्या क्रिस्टिना मास्लाक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी नातं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं अशी सहा ठिकाणं दाखवली आहेत जिथे माणूस आणि काम यांचं बिनसतं. बोजामुळे बिनसलं असेल तर नवा पेशा शिकायची गरजच नाही. माणसं वाढवा, तास कमी करा, रजा द्या. वरिष्ठामुळे बिनसलं असेल तर खातं बदलून भागेल. मूल्यांवर बिनसलं असेल, जसं त्या क्वालिटीवाल्या गृहस्थांचं होतं, तर मात्र कितीही सुट्टी घ्या, परत गेल्यावर तोच रकाना समोर येतो. म्हणून पेशा बदलण्याचा निर्णय थकव्याच्या तळाशी असताना घेऊ नये, असंच माझंही मत आहे. आधी झोप भरून काढावी. डॉक्टरांकडे जाऊन साखर, थायरॉइड, रक्तदाब बघून घ्यावा, कारण चाळिशीत अंगातला अशक्तपणा नेहमी कामामुळेच असतो असं नाही. नैराश्याची शंका असेल तर तज्ज्ञ गाठावा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून त्यासाठीच चालू आहे. पण हे सगळं करायला काही आठवडे लागतात, आणि ते आठवडे देणारी रजा किती खासगी कंपन्यांमध्ये आहे? ‘घाईने निर्णय घेऊ नकोस’ हा सल्ला बरोबर आहे, फक्त सवड देणारा कोणी नाही. माणूस शेवटी राजीनामा देतो तो बहुतेकदा झोपण्यासाठी देतो, आणि लोकांना वाटतं तो स्वप्नांच्या मागे लागला.

या स्वप्नांबद्दलही बोललं पाहिजे, विशेषतः नाशिकमध्ये. इथे थकलेल्या प्रत्येकाला तेच सुचवलं जातं: दिंडोरीकडे दोन एकर घे, द्राक्षं लाव, नाहीतर त्र्यंबक रस्त्याला होमस्टे काढ. पहिली अडचण कायद्याची. आपल्याकडच्या कूळकायद्याने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. दुसरी अडचण बागेची. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा संपता संपता गोडी छाटणी, मग फुटवे काढणं, घडांची विरळणी, जीए या वाढ-संजीवकाच्या द्रावणात एकेक घड बुडवणं. पहाटे दव पडलं की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने फवारणी. पंपाची वीज पुष्कळदा रात्रीची, म्हणून पाणी रात्री द्यायचं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की घड वाचवायला बागेत शेकोट्या पेटवून जागायचं. नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळी पावसात आणि गारपिटीत उभ्या बागा झोडपल्या गेल्या, तेव्हा ज्यांनी हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या केला त्यांनाही काही करता आलं नाही. हे काम करणाऱ्यांबद्दल मला अतोनात आदर आहे, आणि म्हणूनच ते कोणाच्या तरी थकव्यावरचा उतारा म्हणून सांगितलेलं मला सहन होत नाही. कर्जाच्या आणि हवामानाच्या ताणाखाली शेतकरी स्वतः किती मोडून पडतात हे याच जिल्ह्यात डोळ्यांसमोर असताना शहरातल्या माणसाने शेतीला आरामाची जागा समजावं, हे विसरणं आहे की न बघणं?

मग ‘मनाचं ऐकणाऱ्यांचं’ काय, असं विचारणारे हमखास दादासाहेब फाळक्यांचं नाव घेतात. आपल्या त्र्यंबकेश्वरचा माणूस, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक, त्यामुळे नाशिकच्या प्रत्येक प्रेरणादायी भाषणात ते असतातच. खरं तर फाळक्यांची हकिगत नीट वाचली तर ती वेगळंच काही शिकवते. १८७० चा जन्म. भागीदारांशी बिनसून छपाईचा जम बसलेला धंदा सोडला आणि १९११ मध्ये ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहून चित्रपट काढायचं डोक्यात घेतलं, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं राहून जातं. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन इथलं शिक्षण, गोध्र्यातला छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छपाईतलं रंगांचं आणि रसायनांचं ज्ञान, हे सगळं त्यांच्या गाठीशी होतं. नवं क्षेत्र जुन्या कौशल्याला खेटूनच होतं. एवढं असूनही ते १९१२ मध्ये शिकायला लंडनला गेले. परतल्यावर थेट मोठा चित्रपट काढला नाही. कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं याचं चित्रीकरण करून भांडवल देणाऱ्याला दाखवलं, मग पुढचं पाऊल टाकलं. मे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. आणि हा सगळा खर्च आला कुठून? विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्याच सरस्वतीबाई चित्रपटाच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री कच्च्या फिल्मला भोकं पाडायच्या. फाळक्यांचं नाव देशाच्या सर्वोच्च चित्रपट पुरस्काराला आहे. १९४४ मध्ये नाशकात ते गेले तेव्हा मात्र हातात फार काही उरलेलं नव्हतं. ज्याला यातून नुसती हिंमत दिसते त्याला सरस्वतीबाई दिसलेल्याच नाहीत.

पुढचा आक्षेप वर्गाचा आहे आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ सकाळी मजुरीच्या आशेने उभ्या राहणाऱ्याला कसला आलाय बर्नआउट? त्याला काम मिळालं की दिवस साजरा. पेशा बदलण्याची चर्चा ही गंगापूर रोडवर फ्लॅट असलेल्यांची चैन आहे, असं हा आक्षेप म्हणतो. पण गरीब माणूस पेशा बदलत नाही हे कोणी सांगितलं? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यातले असंख्य लोक परत कधीच साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, उभे राहिले नाहीत. विणकरीत हात बसलेली, चाळिशीतली माणसं वॉचमन झाली, भाजीच्या गाड्या लावल्या, कोकणात आणि घाटावर गावी परतली. घरच्या बायकांनी खानावळी चालवल्या, पोळ्या लाटून दिल्या, घरकामं धरली. महाराष्ट्राने पाहिलेला पेशाबदलाचा तो सगळ्यात मोठा प्रसंग होता आणि त्यात कोणालाही काहीही शिकवलं गेलं नाही. साच्याचे बारकावे जाणणाऱ्या माणसाचं ज्ञान एका दिवसात शून्य किमतीचं झालं. थकल्यावर पेशा बदलणं ही चैन वाटते, कारण आज ती फक्त ज्याच्याकडे शिल्लक आहे त्यालाच परवडते. बाकीच्यांवर तीच वेळ येते तेव्हा तिला आपण नुसती बेकारी म्हणतो. दोघांना पुरेल अशी सोय मागणं हे या आक्षेपाचं खरं उत्तर आहे.

अशी सोय आपल्या देशात अशक्य आहे का? नाही. अशी सोय आहे, आणि नाशिककरांच्या तर शेजारीच आहे. देवळाली-नाशिक रोडला तोफखान्याची केंद्रं आहेत. नियमित सेवेतला जवान (आताचा अग्निवीर नव्हे) पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनला पात्र होतो आणि अनेक जण पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान गणवेश उतरवतात. या वयात त्यांना दुसरं काम लागणार हे देशाने गृहीत धरलेलं आहे. त्यासाठी संरक्षण मंत्रालयाचं स्वतंत्र पुनर्वसन महासंचालनालय आहे, निवृत्तीच्या आधी, पगार चालू असताना करायचे अभ्यासक्रम आहेत, पुढे नोकऱ्यांत राखीव जागा आहेत. त्यात त्रुटी आहेत हेही खरं. तोफेचं गणित करणारे कित्येक जण शेवटी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहतात. पण चाळिशीत पुन्हा शिकायला बसणाऱ्या जवानाला कोणी नाटकी म्हणत नाही, की स्वप्नाळू म्हणत नाही. व्यवस्था उभी राहिली की त्याच गोष्टीतली लाज आपोआप निघून जाते. जवानाने देशाची सेवा केली म्हणून त्याला हे मिळतं, असं कोणी म्हणेल. मान्य. मग वीस वर्षं रुग्णालयात रात्रपाळ्या केलेल्या नर्सने काय केलं?

सगळ्यात अवघड आक्षेप तरुणांचा आहे. पंचविशीतली पोरं डिग्र्या घेऊन बसली आहेत, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतायत. अशा वेळी ज्याला एकदा संधी मिळून गेली त्याच्यावर सरकारने पैसा का घालावा? या प्रश्नापुढे क्षणभर गप्पच व्हावं लागतं. तरीही वस्तुस्थिती बघा. सरकारची प्रशिक्षणाची बहुतेक दारं आधीच वयाने बांधलेली आहेत. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना अठरा ते पस्तीस वयासाठी, पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली ती एकवीस ते चोवीससाठी. राज्य सेवेच्या नोकरभरतीत खुल्या गटाला साधारणपणे ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा. तरुणांच्या वाट्याचं काढून घ्या असं कोणी म्हणत नाहीये. पण ज्याला पंचेचाळिशीत अजून किमान पंधरा वर्षं कमवायचं आहे, ज्याला पेन्शन नाही, ज्याच्या पगारावर त्याच तरुण मुलाची फी अवलंबून आहे, त्याला मधेच गळू दिलं तर त्या मुलाचंच काय होणार? बाप कोलमडला की पहिला परिणाम बारावीतल्या पोरीच्या क्लासवर होतो. शिवाय थकलेला अनुभवी माणूस नको असलेल्या खुर्चीत चिकटून बसतो तेव्हा ती खुर्ची तरुणालाही मिळत नाही.

कायद्याने या बाबतीत एक छोटं पाऊल टाकलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनःकौशल्य निधी आहे. मालकाने त्याच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम त्यात भरायची. तत्त्व चांगलं आहे, कारण नवं शिकण्याचा खर्च मालकाकडे लागतो हे कायद्याने पहिल्यांदा कबूल केलं. पण पंधरा दिवसांच्या पगारात माणूस काय शिकणार? तेही कपात झाली तरच. थकून स्वतः बाहेर पडणाऱ्याला काही नाही. महिन्याला अठरा हजारांहून जास्त पगार घेणारा पर्यवेक्षक तर ‘कामगार’ या व्याख्येतच बसत नाही, म्हणजे चाकणला रात्री क्रेटवर बसणारा माणूस बाहेरच. आयकराचंही तसंच. जुन्या करपद्धतीत दोन मुलांच्या शिकवणीच्या फीवर वजावट मिळते, स्वतःच्या फीवर नाही. शिकायचं ते मुलांनी, मोठ्यांनी फक्त पैसे भरायचे, हे गृहीतक किती खोलवर गेलं आहे ते यातून दिसतं. स्वीडनने २०२२ पासून नोकरीत असलेल्या मध्यमवयीन माणसाला पुन्हा शिकण्यासाठी पूर्णवेळ ४४ आठवड्यांपर्यंत, ठराविक मर्यादेत पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत आधार द्यायला सुरुवात केली. सिंगापूरने मे २०२४ पासून चाळिशीपुढच्या प्रत्येक नागरिकाला अभ्यासक्रमांसाठी चार हजार सिंगापूर डॉलरचं श्रेय दिलं. ते श्रीमंत आणि छोटे देश आहेत, त्यांची रक्कम आपल्याला झेपणार नाही. चाळिशीतल्या माणसाला विद्यार्थी मानायला मात्र पैसे लागत नाहीत.

बायकांचा विषय इथवर फाळक्यांच्या आणि गिरण्यांच्या निमित्ताने आला, पण तो स्वतंत्रपणेही मांडायला हवा, कारण या चर्चेत ‘माणूस’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच असतो. मुलांसाठी नोकरी सोडलेली आणि चाळिशीत शिलाई, पार्लर, शिकवण्या, विमा एजन्सी नाहीतर डबे सुरू केलेली बाई हा महाराष्ट्रातला जुना आणि सर्रास दिसणारा पेशाबदल आहे. तिच्या शिकण्याची कोणी बातमी केली नाही. आणि घरातला पुरुष थकून घरी बसतो तेव्हा शिकण्याचे ते महिने निभावतात ते बहुधा तिच्याच पगारावर. त्या क्वालिटीवाल्या गृहस्थांच्या घरी हेच झालं; त्यांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यांच्या पगारावर घर चाललं. त्या स्वतः थकल्या असत्या तर? हा प्रश्न त्या घरात कोणी विचारलाही नाही, असं त्यांनीच एकदा शांतपणे सांगितलं. म्हणून जी काही सोय होईल तिच्यात पाच-सात वर्षं घरी राहिलेल्या बाईला ‘नोकरीत नाही’ म्हणून वगळता कामा नये. तिचीही दमणूक कामाचीच आहे.

नाशिकपुरतं बोलायचं तर साधनं गावातच आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून गंगापूर धरणाच्या वाटेवर उभं आहे, आणि नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ते काढलेलं आहे. त्र्यंबक रस्त्यावर सातपूरला शासकीय आयटीआय आहे. तिथली यंत्रशाळा संध्याकाळी रिकामी असते तेव्हा मोठ्यांची तुकडी बसू शकते. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत. या तिघांनी एकत्र बसावं. पहिलं काम अनुभवाची किंमत कागदावर आणण्याचं. वीस वर्षं टूलरूममध्ये घालवलेल्या माणसाला मोजमापनाच्या पहिल्या धड्यापासून बसवू नका. त्याची प्रत्यक्ष परीक्षा घ्या आणि तेवढा अभ्यासक्रम माफ करा. दुसरं, दहा-बारा वर्षं सेवा झालेल्याला तीन महिन्यांची शिक्षणरजा, तीही अर्ध्या पगारावर. सगळे कारखाने देणार नाहीत. ज्यांच्याकडे माणसं सारखी सोडून जातात आणि नव्याला शिकवण्यात पैसा जातो, त्यांना हे परवडतं हे त्यांच्याच हिशेबाच्या वहीत दिसेल. ती रजा घेऊन माणूस परत आला तरी कारखान्याचा फायदाच आहे, आणि नाही आला तर तो निदान कडवटपणाने तरी गेलेला नसेल.

ते गृहस्थ शेवटी शेतीकडे गेले नाहीत. सिन्नरकडे पोल्ट्री टाकायचं ठरत होतं, तेही राहिलं. काही महिने नुसती विश्रांती, मग ऑडिटरचं प्रशिक्षण आणि मापन-उपकरणांच्या कॅलिब्रेशनचा अभ्यासक्रम. आता ते अंबड-सातपूरच्या लहान वर्कशॉपना गुणवत्तेची कागदपत्रं बसवून देतात, गेज तपासून देतात. मिळकत आधीपेक्षा कमी आहे आणि महिन्याचा आकडा पक्का नसतो. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज काढावं लागलं. मात्र त्या अहवालातल्या ‘मूळ कारण’ रकान्यात आता देखभाल झाली नाही असं स्वच्छ लिहिता येतं, आणि वर्कशॉपचा मालक रागावला तरी ते खोडत नाहीत. या बदलाला दीड-दोन वर्षं लागली आणि त्यातला एकही रुपया ज्या कारखान्याने त्यांना वीस वर्षं वापरलं त्याने दिला नाही, सरकारनेही दिला नाही. शिक्षिका असलेल्या बायकोचा पगार ज्याच्या घरी नाही, अशा त्यांच्याच खात्यातल्या दुसऱ्या माणसाने काय करायचं, ते निमाच्या आणि आयमाच्या पुढच्या बैठकीत कोणीतरी विचारलं पाहिजे.